प्रोस्टेटचं ऑपरेशन लेझरने करायचं, पण कुठल्या लेझरने?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही महिन्यांत मोबाईलवर आणि पेपरात प्रोस्टेटच्या लेझर ऑपरेशनच्या जाहिराती बऱ्याच दिसायला लागल्यात. टाके नाहीत, रक्त नाही, एका दिवसात घरी, आणि खाली फोन नंबर. माझं हेच ऑपरेशन दीड वर्षापूर्वी झालंय आणि चांगलं झालंय, त्यामुळे मी लेझरच्या विरोधात लिहितोय असं कृपा करून समजू नका. पण लेझर या एका शब्दाखाली तीन-चार वेगवेगळी ऑपरेशनं केली जातात आणि पेशंट कागदावर सही करतो तेव्हा त्याला आपल्यावर त्यातलं कुठलं होणार आहे तेच माहीत नसतं. हे मी माझ्या आणि माझ्या मेव्हण्याच्या बाबतीत बघितलं म्हणून हे पत्र. थोडं लांब होईल पण काटछाट करू नका ही विनंती.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला, वय ६७, हायस्कूलात सायन्स शिकवून रिटायर झालो. त्रास साठीच्या आधीच सुरू झाला होता. रात्री आधी दोनदा उठायचो, मग तीनदा, मग चारदा. धार बारीक, सुरू व्हायलाच वेळ लागायचा, आणि होऊन बाहेर आलो की पाच मिनिटांत परत राहिल्यासारखं वाटायचं. कदंबच्या बसने पणजीला जायचं असलं की सकाळचा चहा बंद. लग्नाला गेलो की हॉलमध्ये बाथरूम कुठे आहे ते पहिलं बघायचं. आमच्या गावात माझ्या वयाचे निम्मे पुरुष हेच करत असणार, पण बाजारात भेटलो की गुडघ्यांवर आणि शुगरवर तासभर बोलतो आणि याबद्दल एक शब्द नाही, सगळे म्हणतात वय झालं. वय झालं हे खरंच आहे, पन्नाशीतल्या साधारण निम्म्या पुरुषांची प्रोस्टेट ही ग्रंथी वाढायला लागलेली असते आणि ऐंशीच्या पुढे तर बहुतेकांची, पण म्हणून सोसत बसायचं असं थोडंच आहे.

मी ओळखीतल्या डॉक्टरांच्या गोळीवर सोसत बसलो आणि गणेश चवथीच्या रात्री त्याची फळं मिळाली. पाऊस लागून होता, मला सर्दी झाली होती म्हणून फार्मसीतून सर्दीच्या गोळ्या आणून दिवसभरात तीन घेतल्या. रात्री नेहमीप्रमाणे घरोघर आरत्या, प्रत्येक घरी चहा, आणि दुसऱ्याच्या घरी चवथीच्या गर्दीत बाथरूमला कसं जायचं म्हणून दाबून धरलं. दीड वाजता घरी आलो, उभा राहिलो, आणि काहीच नाही. एक थेंबसुद्धा नाही. चार वाजेपर्यंत आत-बाहेर करत होतो, बेंबीखाली पोट नारळासारखं टणक झालं होतं. बायको उठून विचारते, "तुमकां कितें जालां?" आणि मी तिलासुद्धा अर्धा तास सांगितलं नाही. शेवटी शेजारच्या मुलाने गाडी काढली. हॉस्पिटलात नळी घातली तेव्हा नऊशे मिली लघवी बाहेर आली. पोट उतरलं तशी मला रडू आलं हे मी लपवत नाही.

तिथल्या ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, काका सर्दीच्या गोळ्या घेतल्यात का. मला आश्चर्य वाटलं. नंतर कळलं की नाक मोकळं करणारं जे औषध त्या गोळ्यांत असतं ते मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आवळतं, आणि त्यातच ॲलर्जीचं जे दुसरं औषध असतं ते मूत्राशयाचा जोर कमी करतं. म्हणजे दार घट्ट आणि ढकलणारा अशक्त. ज्यांची धार बारीक आहे त्यांनी असल्या गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नयेत, आणि फार्मसीवाल्यांनी पन्नाशीच्या पुढच्या गिऱ्हाईकाला एवढं एक वाक्य विचारलं तरी कितीतरी जणांची असली रात्र वाचेल.

आता ही ग्रंथी काय ते सांगतो. मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती कड्यासारखी ती बसलेली असते, तरुणपणी वीसेक ग्रॅमची, अक्रोडाएवढी. वय वाढतं तसा तिचा आतला भाग, म्हणजे नळीला लागून असलेला भाग वाढतो आणि नळी आवळली जाते. ही वाढ कॅन्सर नव्हे, कॅन्सर बहुतेक वेळा बाहेरच्या सालीकडच्या भागात होतो, दोन्ही गोष्टी वेगळ्या. आणि ग्रंथी किती मोठी त्यावर त्रास किती ते ठरत नाही, चाळीस ग्रॅमवाला बेजार असतो आणि शंभरवाला मजेत फिरतो. म्हणून नुसत्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवरून कोणी ऑपरेशन सांगितलं तर थांबून विचारावं. सात प्रश्नांचा एक फॉर्म असतो, ३५ पैकी मार्क, ८ च्या खाली सौम्य आणि २० च्या वर गंभीर, माझे २४ आले. मशीनमध्ये लघवी करून धारेचा वेग मोजतात, सेकंदाला दहा मिलीच्या खाली असली की अडथळ्याचा संशय घेतात, माझा वेग सात होता. आणि लघवी झाल्यावर आत किती राहते ते सोनोग्राफीत बघतात. हे सगळं सोपं असतं, दुखत नाही, फक्त जायला पाहिजे.

मला आधी गोळ्याच दिल्या. टॅमसुलोसिन नावाची गोळी दार सैल करते, तिचा गुण काही दिवसांतच कळतो. ड्युटास्टेराईड किंवा फिनास्टेराईड ग्रंथी हळूहळू लहान करतात, त्यांना सहा महिने तरी द्यावे लागतात. इथे एक गोष्ट, या दुसऱ्या प्रकारच्या गोळ्यांवर असताना पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरचा संशय ओळखायला रक्तात तपासतात तो आकडा साधारण निम्म्यावर येतो. म्हणजे रिपोर्टात तीन आलं की ते सहा समजायचं. मी बरीच वर्षं आमच्या ओळखीतल्या एका डॉक्टरांकडून ती गोळी घेत होतो, नव्या डॉक्टरला सांगायचंच राहिलं, आणि रिपोर्ट नॉर्मल म्हणून मी खुश. दुसऱ्या युरॉलॉजिस्टने, म्हणजे लघवीच्या विकारांच्या डॉक्टरने, गोळ्यांची पाकिटं बघायला मागितली तेव्हा हे बाहेर आलं, मग एमआरआय झाला, सुदैवाने काही निघालं नाही. तेव्हा पाकिटं सोबत घेऊन जा.

हॉस्पिटलात घातलेली नळी काढून बघितली, लघवी परत बंद. गोळ्या चालू ठेवून परत आठवड्याने काढली, परत बंद. ग्रंथी ९२ ग्रॅमची. म्हणजे ऑपरेशन ठरलंच.

पहिल्या खाजगी हॉस्पिटलात गेलो तिथे पाच मिनिटांत लेझर करू म्हणाले आणि पॅकेजचा कागद हातात दिला. मी विचारलं कुठला लेझर. "लेझर म्हणजे लेझर, लेटेस्ट आहे." मी विचारलं, ग्रंथी काढणार की जाळणार. ते म्हणाले, तुम्ही टेन्शन घेऊ नका. मी तिथून उठलो. नाव लिहीत नाही, ते ऑपरेशन चांगलंच करत असतील, पण आयुष्यभर मुलांच्या प्रश्नांना उत्तरं दिलेल्या माणसाला हे उत्तर पटणार नव्हतं.

दुसऱ्या डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे चित्र काढून अर्धा तास समजावलं. ते मी माझ्या शब्दांत सांगतो, चवथीला गणपतीच्या वर टांगतात त्या फळांच्या माटोळीला आपण तोरंजन, ते जाड सालीचं मोठं फळ, बांधतो ना, ते डोळ्यांसमोर आणा. बाहेरची जाड साल म्हणजे ग्रंथीचं कवच, आतला गर म्हणजे वाढलेला भाग, आणि मधोमध लघवीची नळी. आमच्या आजोबांच्या काळी पोट कापून बोटाने तो गर काढायचे, १९०० च्या सुमारास लंडनमध्ये पीटर फ्रेयर यांनी ते ऑपरेशन नावारूपाला आणलं, गंमत म्हणजे त्याआधी ते अनेक वर्षं हिंदुस्थानात सरकारी वैद्यकीय सेवेत होते. त्यानंतर दुर्बीण आली, लघवीच्या वाटेने आत जाऊन विजेच्या तारेने गराचे काप काढायचे, चमच्याने खरवडल्यासारखं. त्याला टीयूआरपी म्हणतात, कितीतरी वर्षं तेच सगळ्यांत उत्तम मानलं गेलं आणि आजही ते वाईट नाही. फक्त त्याच्या जुन्या पद्धतीत धुण्यासाठी मिठाचं पाणी चालत नाही, दुसरं द्रावण वापरावं लागतं, ऑपरेशन लांबलं तर ते रक्तात शिरून सोडियम उतरतं, म्हणून फार मोठ्या ग्रंथीला ते करत नाहीत. नव्या बायपोलर मशीनमध्ये सलाईन चालतं, त्यामुळे तो धोका गेला.

लेझरमध्ये माझ्या मते समजून घ्यायचा फरक एकच आहे, गर सोलून बाहेर काढतात की जागेवर वाफ करून उडवतात. होल्मियम लेझरने करतात ते सोलणं, होलेप म्हणतात. न्यूझीलंडच्या तौरंगा गावातल्या पीटर गिलिंग या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात ते उभं केलं. याचा किरण साधारण २१०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना दिसत नाही, पाण्यात लगेच शोषला जातो त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरच्या आतच त्याचा जोर संपतो आणि खालचं शाबूत राहतं. त्याने साल आणि गर यांच्यामधल्या फटीत शिरून अख्खा गर सुटा करतात, तो मूत्राशयात ढकलतात आणि तिथे मॉर्सेलेटर नावाच्या यंत्राने बारीक करून ओढून घेतात. ग्रंथी ५० ग्रॅमची असो की दीडशे, चालतं. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांतही हे आकाराचं बंधन नसलेलं ऑपरेशन म्हणून दिलंय. थुलियम नावाचा दुसरा लेझर आहे, १९४० ते २०१० नॅनोमीटरच्या आसपास, त्यानेसुद्धा असंच सोलता येतं, डॉक्टरचा हात ज्यावर बसलाय तो बरा. आणि याच होल्मियमने खडेही फोडतात, त्यामुळे मूत्राशयात खडा असेल तर एकाच वेळी दोन्ही कामं होतात.

वाफ करणारा तो हिरवा लेझर, ५३२ नॅनोमीटर, हा डोळ्यांना हिरवा दिसतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये शोषला जातो. गर तापून वाफ होतो आणि जाता जाता रक्तवाहिन्या बंद होत जातात. रक्तस्राव कमी, म्हणून हार्टवाल्यांना, रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करता येत नाहीत अशांना हा उपयोगी पडतो, तसा होल्मियम आणि थुलियमही पडतो. पण यात लॅबला पाठवायला तुकडाच उरत नाही. सोललेल्या ग्रंथीचा गर तपासला जातो आणि कधी कधी त्यात लपलेला कॅन्सर सापडतो, वाफ झालेल्याचं काय तपासणार. शिवाय फार मोठी ग्रंथी वाफेने उडवायला वेळ लागतो, काही भाग मागे राहतो आणि काही वर्षांनी परत ऑपरेशनची पाळी येण्याचं प्रमाण सोलण्यापेक्षा जास्त असतं.

माझा मेव्हणा फोंड्याला असतो. त्याचं ऑपरेशन माझ्या आधी तीन वर्षं झालं होतं, तोसुद्धा सगळ्यांना लेझर केलं म्हणूनच सांगायचा. माझं ठरल्यावर मी त्याला विचारलं, तुझा लॅब रिपोर्ट काय आला होता. तो म्हणाला, "भावजी, कसला रिपोर्ट?" डिस्चार्ज पेपर काढून बघितला तर वाफेचं केलेलं. त्याच्या ऑपरेशनात चूक झाली असं मी म्हणत नाही, त्याचं हार्ट बघता कदाचित तेच योग्य होतं. पण त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की तुकडा तपासला जाणार नाही, आणि म्हणून पुढे पीएसए नियमित करत राहायचं. तीन वर्षं त्याने एकदाही केलं नव्हतं, लेझर झालं म्हणजे विषय संपला असं त्याला वाटत होतं. खरं म्हणजे सोललं काय आणि उडवलं काय, ग्रंथीची बाहेरची साल आतच राहते आणि कॅन्सर तिथेच होऊ शकतो, त्यामुळे पीएसए कोणालाच सुटत नाही.

माझं होल्मियमने झालं. कमरेत इंजेक्शन, दोन रात्री हॉस्पिटलात, दुसऱ्या दिवशी नळी काढली. काढल्यावर पहिली धार आली तेव्हा मला वीस वर्षांपूर्वीचा मी आठवलो. साठ ग्रॅम गर निघाला, रिपोर्ट साधा आला.

पण नंतरचं जे आहे ते जाहिरातीत कोणी लिहीत नाही, आणि मला ते लिहायचंय, लाज बाजूला ठेवून. पहिले दोन-तीन आठवडे लघवी गुलाबी येत होती, जळजळ होती, घाई इतकी की बाथरूमपर्यंत पोचत नव्हतो. खोकलो, हसलो, पिशवी उचलली की थोडी सुटायची, दोन महिने पॅड लावून फिरलो. हे होतं, बहुतेकांचं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत थांबतं, मला डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं आणि लघवी मध्येच रोखल्यासारखे स्नायू आवळायचे व्यायाम शिकवले होते म्हणून मी घाबरलो नाही. ज्याला सांगितलेलं नसतं तो समजतो आपलं वाटोळं झालं. सव्वा महिना स्कूटर नाही, जड उचलायचं नाही, आणि संडासला जोर द्यायचा नाही.

दुसरी गोष्ट नवरा-बायकोमधली. या ऑपरेशननंतर बहुतेक पुरुषांचं वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं. टीयूआरपीतही जातं, लेझरमध्येही जातं, कुठल्याही जाहिरातीने ते बदलत नाही. त्याने शरीराला अपाय नाही, लघवीवाटे निघून जातं, इच्छा आणि ताठरता सहसा तशीच राहते, पण मूल हवं असेल तर मोठा प्रश्न येतो, आणि नसलं तरी पहिल्या वेळी माणूस हादरतो. माझ्या डॉक्टरांनी हे माझ्या बायकोला सोबत बसवून सांगितलं. ती खाली मान घालून ऐकत होती आणि बाहेर आल्यावर म्हणाली, बरें जालें सांगलें. मेव्हण्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने तीन वर्षं ते मनात ठेवलं, कोणाला विचारणार, मी विचारलं तेव्हा त्याच्या तोंडून आलं. त्याचा मला अजून त्रास होतो.

सगळ्यांनी लेझरच करावं असंही माझं म्हणणं नाही. ज्याला गोळ्यांनी बरं वाटतंय त्याने गोळ्या घ्याव्यात. ज्याची ग्रंथी चाळीस-पन्नास ग्रॅमची आहे त्याला चांगल्या हाताचं टीयूआरपी पुरतं आणि खर्चही सहसा कमी येतो, जास्त पैसे नाहीत म्हणून आपल्याला हलकं ऑपरेशन मिळालं असं कोणी मनात आणू नये. सोलण्याचं ऑपरेशन शिकायला कठीण आहे, डॉक्टरचा हात बसायला पंचवीस ते पन्नास केसेस लागतात असं म्हणतात, म्हणून तुम्ही आतापर्यंत किती केलीत हे विचारायला लाजू नये, चांगला डॉक्टर रागावत नाही, माझे तर हसून आकडा सांगून मोकळे झाले. मात्र लघवी बंद पडून नळी निघत नाही, सारखं इन्फेक्शन होतंय, रक्त जातंय, मूत्राशयात खडे झालेत किंवा किडनीवर ताण आलाय, अशांनी गोळ्यांवर दिवस काढू नयेत. माझ्या वर्गातल्या एका मित्राचं क्रिएटिनीन, म्हणजे किडनी बिघडल्याचं दाखवणारा रक्तातला आकडा, वाढेपर्यंत कोणाला कळलंच नाही कारण त्याला दुखत नव्हतं, लघवी थोडी थोडी होत होती आणि आत मात्र साठून राहत होती.

आता मागण्या. प्रत्येक हॉस्पिटलाने सहीच्या कागदावर मराठीत किंवा कोकणीत स्पष्ट लिहावं, ऑपरेशन कुठल्या मशीनने, ग्रंथी काढणार की वाफ करणार, तुकडा लॅबला जाणार की नाही, आणि वीर्याचं आणि लघवी सुटण्याचं काय होईल. एक पान पुरेल. सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ पासून आहे, सुरू झाली तेव्हा तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसांना चार लाखांचं संरक्षण ठेवलं होतं. त्या कार्डावर प्रोस्टेटचं कुठलं ऑपरेशन बसतं आणि कुठलं नाही याची यादी काउंटरवर लावा, म्हातारा माणूस सत्तरी-काणकोणहून बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, येतो तो हे विचारायला दोनदा येऊ शकत नाही, बसमध्ये त्याचे काय हाल होतात ते मी वर लिहिलंय. आणि बसस्टँडवरची शौचालयं रात्री आठला कुलूप लावून बंद करू नका, हा छोटा विषय वाटेल पण ज्याला दर तासाला जावं लागतं त्याच्यासाठी घराबाहेर पडायचं की नाही ते त्यावर ठरतं.

संपादक साहेब, तुम्हीही असल्या जाहिराती घेताना कुठला लेझर ते लिहायला सांगा एवढं कराल का. माझं नाव छापू नका, गावात मुलगी द्यायची आहे म्हणून नव्हे, मेव्हण्याचं नाव त्यावरून ओळखू येईल म्हणून. त्याने परवानगी दिली पण बहिणीने सांगितलं नाव नको. डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे काढलेल्या चित्राची झेरॉक्स सोबत जोडलीय, डॉक्टरांचं नाव झाकून. जागा असेल तर पत्राच्या बाजूला छापा, तोरंजन मी हाताने काढलंय, ते नीट नाही आलं तर तुमच्या चित्रकाराकडून काढून घ्या.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, डिचोली तालुका